ग्रिप, ग्रास्प आणि मामांचा उजवा हात

बारावीनंतर मी सटाण्याहून नाशिकला आले ती फिजिओथेरपी शिकायला, आणि राहिले सातपूरला मामा-मामींकडे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. फिजिओथेरपी म्हणजे नक्की काय, हे आमच्या घरी कुणाला सांगता येत नव्हतं. हाडवैदाचं ते इंग्रजी नाव असावं असं सगळे समजून चालले होते, आणि मीही फारशी वेगळी नव्हते. प्रवेश मिळाला म्हणून आले.

मामा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. मामा-मामींना मूल नव्हतं. दोन खोल्यांचं घर, पुढे छोटा ओटा, त्या ओट्यावर मामांची खुर्ची. पहिली पाळी संपवून ते दुपारी घरी येत, आंघोळ करत आणि चहा घेऊन तिथे बसत. मी कॉलेजातून सिटी बसने परत आले की मीही तिथेच पायरीवर टेकत असे. दिवसभरात न कळलेले इंग्रजी शब्द मी मामांना विचारायचे. घरात इंग्रजीशी थोडाफार संबंध असलेले तेवढेच एक होते.

कॉलेजात सगळं इंग्रजीतून चाले. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. अकरावी-बारावीचं सायन्स मी पाठांतरावर काढलं होतं. इथे पाठांतर पुरेना. मॅडम शिकवायला लागल्या की त्यांचं पहिलं वाक्य मनातल्या मनात मराठीत करेपर्यंत त्या तिसऱ्या-चौथ्या वाक्यावर गेलेल्या असत. मग मी मधली वाक्यं सोडून पुढचं धरायला जायची, तर तेही सुटायचं.  मॅडमनी आपल्याकडे बघू नये म्हणून मी मान खाली घालून लिहीत राहायची, आणि काय लिहिलंय ते नंतर माझं मलाच लागत नसे.

दुसऱ्या वर्षी हाताचं प्रकरण सुरू झालं. हात वस्तू कशी धरतो, एवढाच विषय. मॅडमनी फळ्यावर शब्द लिहिले. ग्रिप, ग्रास्प, होल्ड, क्लच, पिंच, हुक. पेला धरायची पद्धत वेगळी, चेंडू धरायची वेगळी, किल्लीची वेगळी, बादलीच्या कडीची वेगळी, आणि प्रत्येकीला स्वतंत्र नाव. मी आयुष्यभर पेला, चेंडू, किल्ली आणि बादली नुसती धरत आले होते. धरण्याला इतके शब्द लागतात हेच मला नवीन होतं.

त्या दिवशी ओट्यावर मी मामांना ते सगळे शब्द वाचून दाखवले.

"ग्रिप म्हंजे हँडलचं रबर," मामा म्हणाले. "क्लच म्हंजे क्लच. होल्ड म्हंजे काम थांबवून ठेवणं. साहेब म्हणतो, जॉब होल्डवर ठेव."

"आणि सीझ? डिक्शनरीत तोही धरण्यातच दिलाय."

"सीज म्हंजे बेअरिंग जाम होणं. फिरायचं बंद. तेल नसलं की सीज होतं."

"ग्रास्प?"

त्यांनी जरा विचार केला. "हे नाय आलं आमच्याकडं."

हा ग्रास्प पुढे माझ्या वाट्याला भलत्याच रीतीने आला. वॉर्डात प्रात्यक्षिक चालू होतं. मी एका पेशंटचा कोपर आणि मनगट धरून उभी होते, मॅडम प्रश्न विचारत होत्या. मी काहीतरी उत्तर दिलं, ते चुकीचं होतं. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "युवर ग्रास्प इज पुअर." मी माझ्या हातांकडे पाहिलं. पेशंटचा हात मी ढिला धरलाय असं मला वाटलं. मी पकड घट्ट केली, तसा तो पेशंट कळवळला आणि मुली हसल्या.

घरी आल्यावर मी कणीक तिंबायला घेतली. मामींना म्हटलं, आजपासून कणीक मी मळणार. धुणं पिळायचं कामही मागून घेतलं. रिकाम्या वेळी एक जुना रबरी चेंडू दाबत बसायची. पंजात ताकद नसलेल्या मुलीला फिजिओथेरपिस्ट कोण होऊ देईल, ही चिंता मला खरोखरच लागली होती. काही दिवसांनी मामांनी विचारलं, "हे काय चालवलंय?" मी सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या ते इंग्रजी वाक्यही जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

मामांनी कप खाली ठेवला. "त्यांनी काही विचारलं होतं का तुला, त्याच्या आधी?"

"हो."

"उत्तर आलं का?"

"नाही."

"मग हाताचं नसंल म्हणत्या त्या. डोक्याचं म्हणत असतील. आपणबी म्हणतोच की, विषयावर पकड नाय."

तसं म्हणतो हे मला माहीत होतं, पण सुचलं नव्हतं. मी डिक्शनरी काढून पाहिली. मामांचं बरोबर होतं. ग्रास्प हातानेही करतात आणि बुद्धीनेही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट झालं. हात कणीक मळून सुधारला असता. डोक्याचं काय करायचं ते मला कळेना.

त्यानंतरची दिवाळी होऊन गेली, थंडी पडायला लागली. एका सकाळी मामा पहिल्या पाळीला निघायच्या तयारीत कॉटवर बसले होते. हातात एक मोजा होता. मामींनी डबा भरून दिला आणि हाक मारली. ते उठले नाहीत. मामींनी पुन्हा हाक मारली. मी आतून बाहेर आले तेव्हा मामा त्या मोज्याकडे बघत बसले होते, जणू तो घालायचा असतो हे ते विसरले होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण बोलले नाहीत. उभं करायला गेलो तर उजवा पाय दुमडला आणि ते माझ्या अंगावर आले.

शेजारच्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात त्यांना भरती केलं, डोक्याचा स्कॅन झाला. दुपारी डॉक्टर आले. ते घाईत होते. मी फिजिओथेरपी शिकते असं कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, कारण ते थेट माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. शब्द माझ्या कानावर एकेक करून पडत गेले. लेफ्ट फ्रंटल. ही इज नॉट स्पीकिंग. कॉम्प्रिहेन्शनबद्दल आत्ता काही सांगता येणार नाही. ग्रास्प इज प्रेझेंट, बट ओन्ली रिफ्लेक्स. वॉच फॉर सीझर्स. मग ते पुढच्या कॉटकडे गेले.

मामी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शहरात इतकी वर्षं राहून त्या चारचौघांसारखं मराठी बोलायच्या, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडी गावाकडची अहिराणी आली. "काय शे?" त्यांनी विचारलं.

"मेंदूच्या एका भागाला रक्त पोचलं नाही," मी म्हटलं. "पाय लुळा पडलाय. बोलणं बंद आहे. झटका येऊ शकतो, तर लक्ष ठेवायचं."

"सीज म्हणाला तो. मी ऐकलं. मशीन सीज होतं तसं झालंय का ह्यांचं?"

"नाही हो मामी. वेगळं ते."

पण वेगळं म्हणजे काय ते मला सांगता आलं नाही. कॉम्प्रिहेन्शन आणि ग्रास्प हे दोन शब्द मी सांगितलेच नाहीत. शाळेच्या इंग्रजीच्या पेपरात कॉम्प्रिहेन्शन म्हणजे उताऱ्याखालचे प्रश्न असायचे, आणि मला ते बरे जमायचे. मामांना आपण बोललेलं समजतंय की नाही, हे डॉक्टरांनाच सांगता येत नव्हतं, तर मी ते मामींना कुठल्या तोंडाने सांगणार होते?

संध्याकाळी मी डबा घेऊन परत आले, तर मामी कॉटशेजारी स्टुलावर बसलेल्या आणि त्यांचा हात मामांच्या उजव्या हातात. मामींच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच रंग आला होता.

"त्यासनी मना हात धरा," त्या म्हणाल्या. मग माझ्यासाठी पुन्हा मराठीत म्हणाल्या, "मी नुसता हात ठेवला, तर ह्यांनी घट्ट धरला. सोडायलाच तयार नाहीत. मला ओळखलं बघ त्यांनी."

मी पाहिलं. मामांची बोटं मामींच्या हाताभोवती आवळलेली होती. डोळे छताकडे होते.

लहान बाळांचा धडा आम्हाला होऊन गेला होता. बाळाच्या तळहातावरून बोट फिरवलं की त्याची मूठ मिटते. बाळाने कुणाला ओळखलेलं नसतं. ती मूठ आपोआप मिटते. मोठेपणी ती सवय मेंदूच्या पुढच्या भागाखाली दबून जाते, आणि त्या भागालाच इजा झाली तर पुन्हा वर येते. ग्रास्प इज प्रेझेंट, बट ओन्ली रिफ्लेक्स. डॉक्टर काय म्हणाले ते मला तेव्हा पूर्ण कळलं. इतक्या महिन्यांत इंग्रजीतलं एक वाक्य पहिल्यांदाच मला इतकं स्वच्छ कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं असं मला वाटत होतं.

मामी पाणी आणायला गेल्या, तेव्हा मी मामांच्या मनगटाच्या मागची बाजू हलकेच चोळली आणि मनगट जरा आत वळवलं. तशी बोटं उघडतात असं शिकवलं होतं. ती उघडली. मग मी माझी बोटं त्यांच्या तळव्यावरून फिरवली. मूठ मिटली. मी म्हटलं, "मामा, सोडा." त्यांनी सोडलं नाही. मी पुन्हा म्हटलं, मग अजून एकदा. मूठ तशीच राहिली. लेथवर काम केलेला तो हात होता, तेवढाच मजबूत. माझी बोटं दुखायला लागली. मामी पाणी घेऊन आल्या आणि आमच्याकडे बघून डोळे पुसायला लागल्या.

"तुलाही ओळखलं," त्या म्हणाल्या.

मी मोकळ्या हाताने त्यांच्याकडून पाण्याचं भांडं घेतलं.

काही दिवसांनी मामांना घरी आणलं. मामींनी खाटेला खेटून बसायचा नेम केला. स्वयंपाक शेजारच्या बायका आणून देत, किंवा मी करत असे. मामींचा हात मामांच्या हातात असे. त्या एका हाताने खात, नाहीतर खातच नसत. मनगटावर काळे-निळे वळ उठले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या हात दाखवून सांगत, बघा, सोडत नाहीत मला. लोक मान हलवत. मामांच्या तळव्यात त्यांचीच नखं रुतून जखम झाली होती. तळव्याला सारखं काहीतरी लागत राहिलं की ती मूठ जास्तच मिटते, एवढं मला माहीत होतं. म्हणजे जे करायला नको तेच घरात चाललं होतं, आणि ते थांबवायचं तर मामींना कारण सांगावं लागणार होतं.

तेव्हा मला दुसरं काही सुचत नसे. बसमध्ये बसले की मी वाक्यं जुळवायची. 'मामी, ते धरणं खरं धरणं नाही.' हे कसंतरीच वाटे. 'मामी, त्यांचा हात धरतो, ते धरत नाहीत.' हे त्याहून वाईट. इंग्रजीत रिफ्लेक्स म्हटलं की काम भागत होतं. मराठीत म्हणायला गेलं की ते मामांनाच बोल लावल्यासारखं वाटत होतं.

शेवटी मी मॅडमच्या खोलीत गेले. दारात उभी राहून इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला अडकले. मॅडम म्हणाल्या, "डोन्ट बी सो अ‍ॅप्रिहेन्सिव्ह. बस." आणि मग, कॉलेजात पहिल्यांदाच, त्या माझ्याशी मराठीत बोलल्या. "सावकाश सांग. मराठीत सांग."

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "सोडा म्हटल्यावर सोडतात का?"

"नाही."

"मग ते बघत राहा. हातात काही दिलं की मूठ मिटते, त्यावरून काहीच ठरत नाही. सोडायला सांगितल्यावर सोडली, तर शब्द पोचला. आणि मामींना सांग. त्यांना वाईट वाटेल, पण त्या तळव्याची वाट लागतेय ती थांबायला हवी."

"कसं सांगू, मॅडम?"

"ते मला नाही सांगता येणार. तू त्यांना ओळखतेस." मी उठायला लागले तशा त्या म्हणाल्या, "एक मात्र लक्षात ठेव. त्यांना समजत नाही असं सांगू नकोस. ते आपल्याला माहीत नाही. माहीत नाही एवढंच सांग."

येताना मी लायब्ररीत अ‍ॅप्रिहेन्शन शब्द पाहिला. डिक्शनरीत त्याचे तीन अर्थ एकाखाली एक दिले होते. पकडणे, समजणे, आणि धास्ती. हे तिन्ही एका शब्दात कसे बसवले असतील, कोण जाणे. पण त्या आठवड्यात तो शब्द कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामींना सांगितलं. त्या मामांना पेज भरवत होत्या. मी म्हटलं, "मामी, त्यांचा हात आहे ना, तो तळव्याला काही लागलं की आपोआप मिटतो. बाळाचा मिटतो तसा. दांडा दिला तरी धरतील, उशी दिली तरी धरतील. तुम्हाला त्यांनी ओळखलं नाही असं मी म्हणत नाही. ओळखलं असेल. पण हातावरून ते कळत नाही."

मामींनी चमचा वाटीत ठेवला. बाजूला पाटावर लाटणं पडलं होतं. त्यांनी ते उचलून मामांच्या तळव्यावर ठेवलं. मूठ मिटली. मामांनी लाटणं तसंच घट्ट धरलं, जसा इतके दिवस त्यांचा हात धरला होता. 

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्या उठल्या. पदराने मामांचं तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू कॉलेजला जा. बस जाईल."

त्यानंतर काही दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मामांचा हात धरणं त्यांनी सोडून दिलं. मी सांगितल्याप्रमाणे त्या तळव्याला औषध लावत, मनगट वळवून बोटं मोकळी करत, मूठ मिटू नये म्हणून हाताचा पाठीकडचा भाग चोळत. सगळं नीट करत, पण खुर्चीत बसून, खाटेला न टेकता. माझ्यामुळे या घरातलं काहीतरी गेलं, असं मला सारखं वाटे.  मला परत सटाण्याला पाठवतील का, अशीही भीती होती.

पुढे हळूहळू मामांची मूठ सैल पडायला लागली. तळव्यावरून बोट फिरवलं तरी बोटं नुसती हलत, मिटत नसत. एके दिवशी मी कॉलेजातून आले तर मामी दारातच उभ्या.

"आता धरतच नाहीत," त्या म्हणाल्या.  "मी आज हात दिला. कितीतरी दिवसांनी दिला. धरला नाही."

"मामी, ते चांगलं आहे. मेंदूचा तो भाग सुधारतोय. म्हणून आपोआप मिटणं कमी होतंय."

मामींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मान खाली घातली. "तुझ्या शास्त्रात धरलं तर वाईट, आणि नाही धरलं तर चांगलं," त्या म्हणाल्या. "मग मी कशाला धरून राहायचं, ते तरी सांग."

 पुस्तकात सुधारणेची खूण म्हणून दिलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडत होती, आणि माझाही त्यावर विश्वास बसत नव्हता. हात सुधारतोय की हातातली उरलीसुरली हालचालही चाललीय? मी कॉलेजात मुलींना विचारायची, पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचायची. मामांच्या खाटेशी गेले की आधी हाताकडे बघायची, चेहऱ्याकडे नंतर.

मग संक्रांतीच्या सुमाराची एक सकाळ आली. मामा भिंतीला टेकून बसले होते. आता त्यांना तसं बसता यायचं. मामी त्यांच्या पाठीमागची उशी सरकवत होत्या, तेव्हा त्यांच्या पदराचा शेव मामांच्या उजव्या हाताजवळ आला. मामांनी तो धरला. तळव्याला काही लागलं नव्हतं. हात दोन-चार इंच पुढे गेला आणि बोटांनी पदर पकडला. मी पुस्तक घेऊन समोरच बसले होते. 

स्वयंपाकघरात स्टोव्हवर दूध होतं. त्याचा सूंऽऽ आवाज आला.

"अहो, सोडा, दूध उतू चाललंय," मामी सवयीने म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

मामांनी बोटं उघडली. पदर सुटला. मामी आत गेल्या, त्यांना काही कळलंच नाही.

 ओढ लागून पदर सुटला असेल, मी मनात म्हटलं. पण ओढ नव्हती. मामींचं पाऊल पुढे पडण्याआधी बोटं उघडली होती. मी पुढे होऊन माझी बोटं मामांच्या हातात दिली. त्यांनी धरली. "मामा, सोडा." काही झालं नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही.  मामींना हाक मारायला उघडलेलं तोंड मी मिटलं. यावेळी खात्री झाल्याशिवाय मी काही बोलणार नव्हते.

मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, असं होतं, एकदा जमतं आणि दहादा जमत नाही, वाट बघ. मी वाट बघितली. रोज सकाळी, मामी आत असताना, मी हात देई आणि सोडा म्हणे. कधी सोडत, कधी नाही. हळूहळू सोडण्याच्या वेळा वाढल्या. मग एक दिवस मी शब्द बदलला. "मामा, घट्ट धरा," म्हटलं. त्यांनी घट्ट धरलं. "सोडा." सोडलं. "डावा हात द्या." त्यांनी डावा हात पुढे केला आणि माझ्याकडे पाहिलं, जरा वैतागून, जसं ते पूर्वी तेच तेच विचारलं की बघायचे.

मी मामींना बोलावलं. काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "मामी, हात द्या त्यांना, आणि सोडायला सांगा."

मामींनी आधी नाही म्हटलं. मग दिला. मामांनी धरला.  मामींना तो शब्द तोंडातून काढवत नव्हता हे मला दिसत होतं. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "सोडा."

मामांनी सोडलं.

मामी खाली बसल्या आणि पहिल्यांदा मोकळ्या होऊन रडल्या. मी आत जाऊन चहा टाकला. 

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. बोलणं परत यायला फार वेळ लागला आणि ते आलं तेही विचित्र रीतीने. "चहा देऊ?" विचारलं की मामा म्हणत, "चहा देऊ." "पाय दुखतो का?" तर "पाय दुखतो का." आम्ही दिलेले शब्दच ते आम्हाला परत देत. पुन्हा तोच प्रश्न होता. हे समजून बोलणं आहे की नुसता प्रतिध्वनी? मामी मात्र आता मला विचारत नव्हत्या. त्या चहा देत, मामा पीत. एकदा माझ्याकडून साखर घालायची राहिली. मामांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि कुणी काही विचारलं नसताना म्हणाले, "साखर नाय." मामी हसल्या. त्या घरात बऱ्याच महिन्यांनी कुणी हसलं होतं.

वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी हाताचंच प्रकरण काढलं. नवजात बाळाची मूठ, मग मोठ्या माणसाची. मी अडखळत इंग्रजीत सांगत होते. त्यांनी विचारलं, रिफ्लेक्स आणि इच्छेने धरणं यांतला फरक कसा ओळखाल? मी म्हटलं, "ही शुड बी एबल टू लेट गो." पुढचं वाक्य तयार होतं, पण मला ते म्हणता येईना.  बाईंना वाटलं मी घाबरले. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पुढचा प्रश्न. मी पास झाले, फार चांगले मार्क पडले असं नाही.

मामा कारखान्यात परत गेले नाहीत. काठी घेऊन ते गल्लीच्या टोकापर्यंत जात, मामी कोपर धरायला गेल्या की झटकून टाकत. बोलणं तुटक राहिलं, पण ते त्यांचं स्वतःचं होतं. दोन हजारच्या दशकात, मी पंचवटीत एका दवाखान्यात काम करायला लागल्यावर, पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्यात ते गेले. तेव्हा मी हजर नव्हते. मामी नंतर सटाण्याला माझ्या आईकडे राहायला गेल्या. त्या दिवसांबद्दल त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "तू सांगितलंस ते बरं केलंस. पण त्या दिवशी नको होतं सांगायला." मग कधी सांगायला हवं होतं, हे मी विचारलं नाही.

मामा गेल्यानंतरची एक गोष्ट. मालेगावच्या एका विणकर कुटुंबातले वयस्कर गृहस्थ आमच्याकडे दाखल झाले. त्यांची मुलगी पहिल्या दिवशी माझ्याकडे धावत आली. "मॅडम, अब्बांनी हात पकडला माझा. इतका घट्ट." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आत गेले, त्यांच्या तळव्यावरून बोट फिरवलं आणि मूठ मिटली. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, काय ते सांग म्हणून.

मी तिला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि शेजारी बसले. काय बोलायचं ते मला इतक्या वर्षांनंतरही पाठ झालेलं नव्हतं. आधी मी तिला विचारलं, तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय का.